संशोधन ते उद्योग : विष्णुपुरीचे विद्यापीठ आणि मराठवाड्याचा शेतकरी

नांदेड शहराजवळ गोदावरीच्या काठी विष्णुपुरी हे गाव आहे. येथे नदीवर बांध घालून पाणी अडविलेले असून त्या जलाशयास शंकरसागर असे नाव आहे. नदीचे पात्र खोल व शेते उंचावर असल्याने हे पाणी पंपांच्या साहाय्याने उचलून कालव्यात सोडावे लागते. देशातील मोठ्या उपसा सिंचन प्रकल्पांत विष्णुपुरीची गणना होते. पाणी डोळ्यांसमोर असूनही ते उचलण्याची सोय झाल्याखेरीज एक वाफाही भिजत नाही, हा अनुभव या भागातील प्रत्येक शेतकऱ्यास आहे.

याच विष्णुपुरीत १९८१ साली श्री गुरु गोबिंदसिंघजी यांच्या नावाची अभियांत्रिकी संस्था निघाली. पुढे १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिनी, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे या विद्यापीठाच्या कक्षेत येतात. लातूर येथे त्याचा उपपरिसर आहे. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र, भूशास्त्र इत्यादी विषयांची स्वतंत्र संकुले तेथे चालतात. या संकुलांतून दरवर्षी प्रबंध लिहिले जातात, प्रयोग होतात, पदव्या मिळतात. परंतु जलाशयातील पाण्याप्रमाणेच हे ज्ञानही आपोआप शेतात चढत नाही. ते उचलून गावापर्यंत आणण्याची व्यवस्था करावी लागते. अलीकडच्या काळात विद्यापीठांतून संशोधन-स्पर्धा, उद्योजकता मेळावे व नवउद्योगांची शिबिरे भरविली जातात, ती या व्यवस्थेचा एक भाग होत. शेतकऱ्याचा व ग्राम-कार्यकर्त्याचा या मेळाव्यांशी काय संबंध, आणि त्यांतून आपल्या पदरात काय पडू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मेळाव्यांत काय घडते?

महाराष्ट्रातील विद्यापीठांचे कुलपती राज्यपाल असतात. त्यांच्या कार्यालयाच्या प्रेरणेने २००६ साली ‘आविष्कार’ ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा सुरू झाली. प्रथम विद्यापीठाच्या पातळीवर आणि नंतर राज्याच्या पातळीवर विद्यार्थी व अध्यापक आपले संशोधन तक्ते व नमुने यांच्या रूपाने मांडतात. परीक्षक तक्त्यापाशी उभे राहून प्रश्न विचारतात. या स्पर्धेत कृषी व पशुसंवर्धन यांसाठी स्वतंत्र विभाग आहे, ही गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

पुढे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा कायदा झाला. त्याने विद्यापीठांत नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य यांसाठी स्वतंत्र संचालकाची तरतूद केली. केंद्र शासनाने १६ जानेवारी २०१६ रोजी ‘स्टार्टअप इंडिया’ ही मोहीम आरंभिली आणि २०१८ साली महाराष्ट्र शासनाने आपले स्वतंत्र नवउद्योग धोरण जाहीर केले. त्यामुळे संशोधन केवळ ग्रंथालयाच्या कपाटात न राहता त्यातून वस्तू, यंत्र अथवा सेवा निर्माण व्हावी, हे विद्यापीठाच्या कामाचेच एक अंग ठरले.

या संदर्भात ‘इन्क्युबेशन केंद्र’ हा शब्द वारंवार कानी पडतो. त्याचा अर्थ कठीण नाही. खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यांना ऊब देते. त्या ऊबेविना अंड्यातील जीव बाहेर येत नाही. नव्या उद्योगाचेही असेच आहे. आरंभीची एक-दोन वर्षे त्यास बसण्यास जागा, वापरण्यास उपकरणे, विचारण्यास जाणकार माणूस आणि हिशेब व कायदा यांचा सल्ला लागतो. ही ऊब पुरविणारे ठिकाण ते इन्क्युबेशन केंद्र होय. परंतु कोंबडी पिलास जन्मभर पंखाखाली ठेवीत नाही. ठराविक मुदतीनंतर उद्योगाने स्वतःचा दाणा स्वतः टिपावयाचा असतो, हेही ध्यानात ठेवावे.

तक्रार हीच संशोधनाची सुरुवात

संशोधन नेहमी विद्वानाच्या मेजावरच सुरू होते असे नाही. पुष्कळदा ते शेतकऱ्याच्या तक्रारीतून सुरू होते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात घडलेली एक हकीकत या दृष्टीने बोधप्रद आहे.

१९३३ सालच्या फेब्रुवारी महिन्यात, हिमवादळ चालू असताना, एड कार्लसन नावाचा शेतकरी सुमारे तीनशे किलोमीटरचा प्रवास करून मॅडिसन येथील विद्यापीठात पोहोचला. त्याच्या गाडीत एक मेलेली कालवड, न गोठणाऱ्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन आणि बुरशी लागलेला क्लोव्हर नावाचा वाळला चारा होता. हा चारा खाल्लेली जनावरे रक्तस्राव होऊन मरत होती. कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाने त्याची हकीकत ऐकून घेतली. त्या दिवशी त्याला एवढाच सल्ला देता आला की, खराब चारा देणे थांबवावे. परंतु तो चारा व ते रक्त त्याने प्रयोगशाळेत ठेवून घेतले. त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे सहा वर्षे परिश्रम केल्यावर १९३९ साली रक्त गोठू न देणारे द्रव्य त्या चाऱ्यातून वेगळे काढले. त्याच कुळातील एक द्रव्य १९४८ साली उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले आणि पुढे थोड्याच वर्षांत माणसाच्या रक्तात गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टर ते देऊ लागले. ‘वॉरफरिन’ हे त्याचे नाव.

या नावाची पहिली अक्षरे विद्यापीठाच्या एका संस्थेची आहेत. १९२५ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी ही संस्था उभारली. संशोधनाचे पेटंट तिने सांभाळावे, उद्योगांना ते वापरण्याचा परवाना द्यावा व येणारा पैसा पुन्हा संशोधनाकडे वळवावा, अशी ही योजना होती. शेतकऱ्याची अडचण, शास्त्रज्ञाची चिकाटी आणि परवाना देणारी संस्था या तिन्ही गोष्टी जुळल्या, म्हणून खराब चाऱ्यातून उपयुक्त औषध निघाले. यांपैकी एकही दुवा नसता तर ती कालवड केवळ पुरून टाकली गेली असती.

आपल्याकडील दोन उदाहरणे

परदेशाची गोष्ट दूरची वाटत असेल तर मराठवाड्यातच पाहावे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा सावनी’ ही भेंडीची जात काढली. तत्कालीन जातींवर केवडा रोग मोठ्या प्रमाणात पडत असे. ही जात त्यास तोंड देणारी होती. परंतु संस्थेने जात काढली म्हणून ती लाखो शेतांत पोहोचत नसते. त्यासाठी बियाण्याचा प्लॉट इतर भेंडीपासून अंतरावर घ्यावा लागतो, भेसळीची झाडे वेळीच उपटावी लागतात, शेंगा पूर्ण वाळवून बी साफ करावे लागते, उगवण तपासावी लागते आणि पाकिटात भरून वेळेवर पोहोचवावे लागते. जालन्याचे शेतकरी बद्रीनारायण बारवाले यांनी हे काम अंगावर घेतले व १९६४ साली ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संशोधन सरकारी संस्थेचे, उद्योग शेतकऱ्याचा आणि लाभ दोघांचा व देशाचा, असे हे उदाहरण आहे.

दुसरे उदाहरण नांदेडचे असून ते सावध करणारे आहे. नांदेड येथील कापूस संशोधन केंद्र परभणीच्या कृषी विद्यापीठाचे आहे. या केंद्राने १९८० नंतरच्या दशकात ‘एन. एच. एच. ४४’ हा संकरित कापूस दिला. शेतकरी त्यास ‘नांदेड ४४’ म्हणूनच ओळखतात. रस शोषणाऱ्या किडींना तो बऱ्यापैकी दाद देत नसे, कोरडवाहू जमिनीत टिकाव धरी आणि पावसाचा ताण पडून गेल्यावर पुन्हा फुटवा घेऊन बोंडे धरी. त्यामुळे मराठवाड्यातच नव्हे तर बाहेरही त्याचा पेरा झाला.

२००२ साली देशात बीटी कापसास परवानगी मिळाली. बोंडअळीस प्रतिबंध करणारे ते जनुक खाजगी कंपन्यांच्या हाती होते व ते त्यांच्याच संकरांत आले. नांदेड ४४ चे गुण नाहीसे झाले नव्हते. परंतु ते जनुक त्यात नव्हते, आणि ते त्यात आणण्यासाठी लागणारा करार, पैसा व वेग विद्यापीठापाशी तेव्हा नव्हता. काही वर्षांतच शेतकऱ्यांनी ओळीने बीटी पाकिटे उचलली व हा संकर मागे पडला. महाबीज या राज्य बियाणे महामंडळाच्या सहकार्याने नांदेड ४४ चे बीटी रूप तयार होण्यास दीड दशकाच्या आसपास काळ गेला. तोवर बाजाराची घडी बदललेली होती. उत्तम संशोधनही त्यास बाजारापर्यंत नेणारी वाट वेळेवर न मिळाल्यास कसे मागे पडते, याचा हा धडा होय. त्याचा भार शास्त्रज्ञांइतकाच शेतकऱ्यांवरही पडला. कारण स्वस्त व आपल्या मातीत मुरलेल्या बियाण्याचा एक पर्याय त्यांच्या हातून निसटला. विद्यापीठांतील उद्योजकता मेळाव्यांकडे केवळ विद्यार्थ्यांचा समारंभ म्हणून पाहू नये, त्याचे कारण हेच.

कल्पनेपासून विक्रीपर्यंतच्या पायऱ्या

संशोधनाचा उद्योग होण्यास पुढील पायऱ्या ओलांडाव्या लागतात. ग्राम-कार्यकर्त्यांनी त्या नीट समजून घ्याव्यात, म्हणजे गावातील होतकरू तरुणास योग्य सल्ला देता येईल.

पहिली पायरी गरजेची. वस्तू चांगली असून भागत नाही. ती कोणास हवी आहे व तो तिच्यासाठी किती मोल देईल, हे आधी विचारावे. नांदेड, हिंगोली व परभणी या जिल्ह्यांत हळदीचे क्षेत्र मोठे आहे. ओली हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून विकावी लागते. साधारणतः पाच क्विंटल ओल्या हळदीपासून एक क्विंटलच्या आसपास वाळलेली हळद मिळते. काहिलीत शिजविताना इंधन व मजुरी फार लागते आणि काही कंद कच्चे तर काही जास्त शिजलेले निघतात. वाफेवर शिजविण्याची साधने आल्याने हे काम सुधारले. तरीही वाळवण, प्रतवारी व साठवण यांत अडचणी शिल्लक आहेत. ज्या अडचणीपायी शेतकऱ्याचा पैसा दरवर्षी वाया जातो, तेथेच नव्या उद्योगास जागा असते.

दुसरी पायरी चाचणीची. प्रयोगशाळेत दोन किलो हळदीवर जे साधले ते शेतावर वीस क्विंटलवर साधेलच असे नाही. वीज जाते, मजूर नवा असतो, अवकाळी पाऊस येतो. म्हणून निदान एक पुरा हंगाम शेतकऱ्याच्या खळ्यावर चाचणी व्हावी व तिची नोंद ठेवावी.

तिसरी पायरी हक्क-रक्षणाची. नव्या यंत्रास अथवा प्रक्रियेस भारतात पेटंट मिळू शकते व त्याची मुदत अर्जाच्या दिनांकापासून २० वर्षे असते. परंतु शेती करण्याच्या पद्धतीस, तसेच बियाणे व पिकांच्या जातींस पेटंट कायद्याखाली पेटंट मिळत नाही. येथे एक धोका सांगणे अवश्य आहे. कल्पना आधी मेळाव्यात मांडली, वर्तमानपत्रात छापून आणली आणि मग पेटंटचा अर्ज केला, तर ती नवी राहिली नाही या कारणास्तव अर्ज फेटाळला जाण्याचा संभव असतो. म्हणून प्रदर्शनात मांडण्यापूर्वीच तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज दाखल करावा. त्यानंतर पुरा तपशील देण्यास १२ महिन्यांची मुदत मिळते.

पिकांच्या जातींसाठी पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ हा स्वतंत्र कायदा आहे. शेतकऱ्याने जोपासलेल्या वाणाचीही त्याखाली नोंदणी होऊ शकते व त्यासाठी शेतकऱ्यास नोंदणी शुल्क द्यावे लागत नाही. शेतातील पिकाचे बी राखणे, पेरणे, देवघेव करणे व विकणे हा शेतकऱ्याचा हक्क याच कायद्याने मान्य केला आहे. मात्र संरक्षित वाणाचे बी छापील ब्रँडखाली त्यास विकता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ज्वारीचे अथवा तुरीचे वाण कोणी संशोधनासाठी मागितले, तर ते आनंदाने द्यावे. पण कोणास, कधी, किती दिले याची लेखी नोंद ठेवावी.

चौथी पायरी हिशेबाची. पुष्कळ उद्योग येथेच कोसळतात. समजुतीसाठी पुढील आकडे घेऊ. हळद-प्रक्रियेचे एक यंत्र ३,००,००० रुपयांस पडले व ते १० वर्षे चालेल असे धरले, तर वर्षास ३०,००० रुपये घसारा झाला. कर्जावर १० टक्के व्याज धरल्यास पहिल्या वर्षी ३०,००० रुपये व्याज आणि १०,००० रुपये दुरुस्ती, असा एकूण ७०,००० रुपये वार्षिक खर्च झाला. मजुरी व इंधन यांत धरलेले नाही. हंगामात यंत्र ५० दिवस चालले तर दिवसास १,४०० रुपये पडतात. रोज २० क्विंटल काम झाले तर क्विंटलमागे ७० रुपये पडले. परंतु यंत्र २५ दिवसच चालले तर हाच खर्च क्विंटलमागे १४० रुपये होतो. यंत्र तेच, कर्ज तेच. केवळ काम न मिळाल्याने भाव दुप्पट झाला. म्हणून यंत्र विकत घेण्याआधी गावात व शेजारच्या गावांत मिळून किती काम मिळेल, याची मोजदाद करावी.

पाचवी पायरी संघटनेची. एकट्याने न झेपणारे काम दहा जण मिळून करू शकतात. २००२ साली कंपनी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने उत्पादक कंपनीचा मार्ग खुला झाला. दहा अथवा अधिक उत्पादक शेतकरी एकत्र येऊन अशी कंपनी स्थापू शकतात. सोयाबीनचे बीजोत्पादन हे तिच्यासाठी योग्य काम आहे. कृषी विद्यापीठाकडून पैदासकार बियाणे, त्यापासून पायाभूत व त्यापासून प्रमाणित बियाणे, अशी ही साखळी असते. सोयाबीनचे टरफल नाजूक असल्याने मळणीत व हाताळणीत बी दुखावते व उगवण घटते. पोत्यात शंभर दाणे ओले गुंडाळून ठेवावेत. सत्तर अथवा अधिक चांगले उगवले तर बी पेरणीयोग्य समजावे. ही घरगुती तपासणी प्रत्येक बीजोत्पादकाने करावीच.

शेतकऱ्याने व ग्राम-कार्यकर्त्याने काय करावे?

विद्यापीठाच्या मेळाव्यास जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. अडचण बरोबर न्यावी. रोगट झाड, खराब झालेले धान्य, बिघडलेला यंत्राचा भाग, पाण्याचा अथवा मातीचा नमुना, आणि केव्हा, कोठे, किती क्षेत्रात हे घडले याची वही, या गोष्टी शास्त्रज्ञाच्या मोठ्या कामाच्या असतात. नुसते ‘पीक बसले’ असे सांगण्याने त्यास काही समजत नाही.

नवे यंत्र अथवा नवे जैविक खत दाखविणाऱ्या विद्यार्थ्यास पाच प्रश्न अवश्य विचारावेत. याची चाचणी किती शेतांवर झाली? कोणत्या जमिनीत व किती पावसात? एकरी खर्च किती वाढेल व उत्पन्न किती? बिघडल्यास दुरुस्ती कोठे? आणि विक्रीसाठी लागणारा परवाना आहे काय? हे प्रश्न विचारणे म्हणजे त्या तरुणाचा उपमर्द नव्हे. उलट, ज्याचे उत्तर त्यापाशी नाही तेच त्याच्या पुढील वर्षाच्या कामाचे सूत्र ठरते.

खाद्यपदार्थ बनविणाऱ्या उद्योगास अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी अथवा परवाना लागतो, हे गावातील बचत गटांना आवर्जून सांगावे. २०२० साली केंद्राने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना सुरू केली तेव्हा प्रकल्प-खर्चाच्या ३५ टक्के, परंतु कमाल १० लाख रुपये, असे अनुदान तीत ठेवले होते. अशा योजनांचे नियम व मुदती बदलत असतात; म्हणून अर्ज करण्यापूर्वी तालुका कृषी कार्यालयात चालू नियम विचारून घ्यावेत. अनुदान मिळणार आहे म्हणून उद्योग काढू नये. उद्योग हिशेबात बसतो आहे म्हणून अनुदान घ्यावे.

शेवटी एक इशारा. नवे उद्योग सारेच टिकत नाहीत. पुष्कळ पहिल्या काही वर्षांतच बंद पडतात. मेळाव्यातील बक्षीस हे भांडवल नव्हे आणि टाळ्या ही मागणी नव्हे. यास्तव पहिल्याच उद्योगासाठी वडिलोपार्जित जमीन गहाण टाकू नये. लहान प्रमाणावर आरंभ करावा, एक हंगाम पाहावा व नंतरच वाढवावे. उद्योग बंद पडला तरी कुटुंबाचे पोट व जमीन शाबूत राहिली पाहिजे, म्हणजे दुसरा प्रयत्न करता येतो.

मराठवाड्यातील मुले शिकून पुण्या-मुंबईकडे जातात. त्यांच्या मागे शेतीमालही कच्च्या स्वरूपात बाहेर जातो आणि प्रक्रिया होऊन चढ्या भावाने परत येतो. या दोन्ही गोष्टींस एकच उपाय लागू पडतो : जेथे माल पिकतो तेथेच त्यावर विचार करणारी प्रयोगशाळा आणि तेथेच तो घडविणारा उद्योग. विष्णुपुरीस, लातूरास व परभणीस प्रयोगशाळा आहेत. गावोगाव माल आहे. ग्राम-कार्यकर्त्यांनी येत्या हंगामापूर्वी आपल्या गावातील तीन मुख्य अडचणी शेतकऱ्यांच्या सभेत ठरवून लिहून काढाव्यात व जवळच्या विद्यापीठाच्या संबंधित विभागाकडे नमुन्यांसह समक्ष पोहोचवाव्यात. उत्तर त्याच दिवशी मिळेलच असे नाही. परंतु अडचण दारापर्यंत पोहोचल्यावाचून तिच्यावरील कामास आरंभच होणार नाही.